अंगठ्यांची खेप

महिन्याच्या सात तारखेला माझ्या होडीत
अंगठे बसतात.
एका खेपेला नऊ, लेकरू असलं तर दहा.
मधल्या पाटीवर मन्मथअप्पा,
मांडीवर रेशनचं मशीन,
मशीनवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीवर त्याचे दोन्ही हात,
नव्या नवरीचं तोंड झाकावं तसे.

गहू काठावर. तांदूळ काठावर.
तराजू चिंचेला टांगलेला.
गावात रेंज नाही, म्हणून माणसं तेवढी पाण्यावर.

भादव्यात येलदरीचं धरण भरलं
की होडी पुरुषभर उचलली जाते
आणि पल्याडच्या डोंगराच्या खांद्यावरून
टॉवरचा शेंडा डोकावतो.
दिसला की वल्हं आत घ्यायचं.
तिथं मी निळा ड्रम सोडलाय, दगड बांधून.
जाळ्याची खूण म्हणून सोडला होता,
आता सगळं गाव त्याला ऑफिस म्हणतं.

"थांब किसन, एक कांडी आली."
"हलू नका गं, कुनीच हलू नका."
नऊ बाया श्वास धरतात.
होडी ती होडीच, हलते.
कांडी जाते.
अप्पा मशीन डोक्यावर धरून उभा राहतो,
मी त्याची कंबर धरतो,
आणि मशीनमधली बाई म्हणते, पुन्हा प्रयत्न करा,
जसं काही आम्ही आजवर दुसरं काही करत होतो.

सोजरबाईचा अंगठा लागत नाही.
सत्तर वर्षं कापूस, शेण, राख.
रेघा कुठं गेल्या ते तिलाच ठाऊक.
अंगठा पाण्यात बुडवते, पदराला पुसते,
तेलासाठी केसांतून फिरवते,
मशीनला दटावते, "बघ की नीट, मीच हाय."
हुरमतबी म्हणते, "डावा लाव गं,
डाव्यानं तू जरा कमी काम केलं."
डावा लागतो.
पावती निघते, वाऱ्यावर वळवळते,
सगळी होडी अशी हसते
की ड्रमवरचा बगळा उठून जातो.

शाळेचे सर आले होते एकदा, पोरांचे फॉर्म भरायला.
म्हणाले, "किसनराव, नेट म्हणजे जाळंच की!"
मी मान हलवली.
जाळ्यात काय आलं ते माझ्या हाताला कळतं,
ओढीवरून, रोहू की कटला.
सरांच्या जाळ्यात कोण कुणाला ओढतंय
ते अजून ध्यानात आलं नाही.

माझं कार्ड शेवटच्या खेपेला.
दोन वर्षं झाली, माझा अंगठा लागत नाही.
दोरीनं खाल्ला, मरळीच्या दातांनी खाल्ला,
खवल्यांनी तासला. डावापण.
आजवर सत्यभामा लावायची,
यंदा म्हणे ज्याचा त्यानंच लावायचा.
अप्पानं तीनदा बघितलं,
मग मशीन पिशवीत घातलं, गाठ मारली.
"जिंतूरला जाऊन ये एकदा," म्हणाला,
पाण्याकडं बघत.
परतीला कुणी बोललं नाही.
हुरमतबीनं तेवढी माझ्या हातातलं वल्हं घेतलं
आणि उलटंसुलटं मारत राहिली.

संक्रांतीपासून पाणी उतरतं,
रोज दोन बोटं.
होडी खाली जाते, डोंगर वर येतो.
चैत्रात टॉवर दिसतच नाही,
ऑफिस चिखलात कलंडून पडतं, दोर सैल.
मग अप्पा बायांना घेऊन टेकडी चढतो,
सोजरबाई त्याच्या पाठकुळी.

मी खाली, पालथ्या होडीला डांबर लावत बसलेला.
वरून हाक येते,
"किसनाऽ, लागला रे, उजवाच लागला!"
मी डांबराचा हात वर करतो.

फळीवर माझा अंगठा उठलाय,
काळा, गुळगुळीत, एकपण रेघ नसलेला.
पुसत नाही.
वाळायला दोन दिवस तरी लागतील.