वाव

टॉन्टनमध्ये समुद्र नाही.
एक नदी आहे, टोन नावाची, आमच्या पऱ्ह्यापेक्षा जरा रुंद,
तिच्यात बदकं, आणि शनिवारी काठावर पाव टाकणारी माणसं.
तरी जगभरच्या बंदरांची खोली
दुसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलावर येऊन पडते.

मी समुद्राचे नकाशे दुरुस्त करते.
घरमालकीण मिसेस हॉकेट अजून विचारते,
"पाणी तर तेच ना गं? त्यात दुरुस्त काय करायचं?"

पाणी तेच. तळ सरकतो.
कुठे कंटेनर बुडतो, कुठे दीपस्तंभ आंधळा होतो.
गिनीच्या आखातात दिवे नसलेलं जहाज वाऱ्यावर फिरतं आहे,
खलाशी कुणी पळवून नेले, माहीत नाही.
लागोसच्या इनेमेसितने पहाटे तीन दहाला कळवलं:
अक्षांश, रेखांश, आणि नियमात नसलेली एक ओळ,
"त्यातला स्वयंपाकी माझ्या गावचा."

दोन देश, नावं सांगत नाही,
एका खडकावरून ज्यांचे राजदूत परत बोलावलेत,
त्याच खडकाची खोली दोघांनी एकाच आठवड्यात पाठवली.
एकाचे चार मीटर वीस, दुसऱ्याचे चार मीटर तीस.
नावं वेगळी, आकडे जवळजवळ सख्खे.
शंका असेल तिथे उथळ धरायचं, हा नियम.
मी चार वीस लिहिले, जांभळ्या शाईने.

बाबा हर्णैचे तांडेल.
शिशाची गोळी सोडून दोरी ओढायचे,
दोन्ही हात पसरून मोजायचे: एक वाव, दोन वाव,
छातीवरून ओली दोरी सरकत जायची.
सुरमईची जागा त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितली नाही.
पण हिराजी चोगले, ज्याच्याशी बारा वर्षं दापोलीच्या कोर्टात दावा,
त्याची होडी खडकाकडे वळताना दिसली
की डोलकाठीवर चढून ओरडायचे.
"मासा लपवायचा, पोरी. खडक सांगायचा."

फेब्रुवारीत लंडनला बैठक होती,
मला नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन पाठवलं.
थेम्सच्या काठी गरम हॉल, गळ्यात नावाच्या पट्ट्या,
चाच्यांवर तीन तास एकमत.
मग सेनेगलची कुम्बा न्दियाये उठली, चष्मा काढला:
"खडक तुम्ही सांगितलेत. उपकार.
आता मासा सांगा. कुणी किती नेला, किती उरला."

नळातून पाणी ठिबकावं तसं कुणीतरी पेन वाजवत राहिलं.
मोठ्या ट्रॉलरवाल्या देशांनी कागद सारखे केले.
इतिवृत्तात संध्याकाळी एक वाक्य आलं,
मनात मी त्याचं मराठी केलं:
सहकार्याला वाव आहे.
आणि मला हसू फुटलं, एकटीलाच.
वाव. त्या हॉलमध्ये
हात कुणी पसरले होते?

रात्रीच्या गाडीतून बाबांना फोन लावला, तिकडे पहाट.
कुम्बाचं सांगितलं. बराच वेळ नुसती गाज.
मग म्हणाले, लिहून घे.
कनकदुर्गाच्या टोकावर ताडाचं झाड आलं
की किनाऱ्याकडे पाठ, अकरा वाव, तळाला रेती.

मी म्हटलं, बाबा, जागा सांगून टाकलीत?

"ताड पडला गं, पंधरा वर्षं झाली.
आणि सुरमई त्याच्याही आधी गेली.
मी तरी नुसतीच जागा राखत बसलो होतो."

तिकिटाच्या पाठीवर आकडे लिहून घेतले.
सकाळी ऑफिसात खुणांचं पुस्तक उघडलं:
बुडालेलं जहाज, तुटलेली केबल, नांगर टाकू नये,
सगळ्याला खूण आहे.
जिथे मासा होता
त्याला नाही.

जांभळी शाई टोकाशी सुकत होती.
खाली मिसेस हॉकेटच्या वयाची एक बाई
बदकांना पाव टाकत होती,
दोन्ही हात पसरून.