हलू नका

खिशातलं सगळं काढा, मी म्हणते.
सीत्स्केच्या खिशातून निघतात
दोन नट, व्हॉल्व्हचं एक टोपण,
सायकलच्या साखळीची सुटी कडी,
आणि लिकोरिसची गोळी, अस्तराच्या धाग्यांना चिकटलेली.
ग्रोनिंगनमध्ये आज उणे चार.
कालव्यावरचा बर्फ अजून कच्चा;
बदकं घसरतात
आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उठतात.

तिची मान डावीकडे झटकते.
मग घशातून एक आवाज, बंदरावरच्या पाखरासारखा.
मी बघत नाही.
मी बघत नाही, हेही तिला दिसतं.

"शाळेत म्हणायचे, मुद्दाम करते,"
अंगठी बोटातून ओढता ओढता ती सांगते.
"अहो, मुद्दाम करायचं असतं
तर याहून बरं काही नसतं का निवडलं?"

हातात बटण देते तिच्या.
येतंय असं वाटलं, की दाबा.
"आल्यावर?"
नाही, येण्याआधी.
ती जरा गप्प होते.
"दूध वर येतं ना, तसं असतं ते.
फक्त शेगडी शेजारच्या घरात."

तिला आत सरकवते.
काचेअलीकडून माईकमध्ये म्हणते, आता हलू नका.
हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते.
आजच ते दाताखाली खड्यासारखं आलं.

यंत्र सुरू होतं.
ठक ठक ठक, घर्र, मग एक लांब किंकाळी,
पुन्हा ठक ठक.
त्याला कुणी म्हणत नाही, मुद्दाम करतोस.
आतून तिचा आवाज:
"यालाही आहे वाटतं!"
मी हसते. डॉक्टर ओकेमा हसत नाहीत.
ती हसली, चित्र हललं,
सहा मिनिटं वाया.

पडद्यावर डोकं उमटतं,
लाल कोबी मधोमध कापावा तसं, फक्त करडं.
खोल आत, अंगठ्याच्या पेराएवढ्या जागेत
कुठेतरी ठरतं, कशाला सोडायचं, कशाला थांबवायचं.
माझे वडील एमस्कानालवर पूल उचलायचे.
एकदा तारेत बिघाड झाला.
बोट नाही, भोंगा नाही,
आणि पूल आपला उभा राहिला आकाशात हात करून.
तीस सायकली खोळंबल्या.
वडिलांना लोक काय काय बोलले!
तार कुणी बघितली नाही.

बटण दाबलं जातं.
एक ठिपका तांबूस होतो.
तांबूस आम्ही करतो; आत तसा रंग नसतो.
रक्त कुठे धावलं एवढंच कळतं,
नदी फुगली की वर कुठेतरी पाऊस झाला असं म्हणावं, तसं.
का झाला, ते नदीला विचारून उपयोग नाही.

आणि ज्या क्षणी तिची मान खरोखर झटकते
ती चित्रं संगणक गाळतो.
हालचाल. रद्द.
जिच्यासाठी बोलावलं, तिलाच दारातून परत.
उरलेलं एकतीस जणांत मिसळायचं,
सरासरी काढायची,
मग एक डोकं तयार होतं
जे कुणाच्याच खांद्यावर नाही.

"दिसलं का काही?" बूट घालताना ती विचारते.
वर्षभराने सांगता येईल, मी म्हणते. कदाचित.
"माझ्याकडे एक सायकल आहे," ती म्हणते,
"तिसऱ्या गिअरला कुरकुरते.
सोळा वेळा उघडली. प्रत्येक भाग चांगला.
अजून उघडते मधूनमधून."
पडद्यावरच्या स्वतःच्या मेंदूकडे ती तशीच बघते,
मान वाकडी करून,
हात पुसायला फडकं शोधत.

खिडकीतून दिसते मला, वाऱ्याविरुद्ध जाताना.
पॅडल मारते तोवर मान सरळ.
चौकात सिग्नल लाल होतो.
एक पाय जमिनीवर.
एकदा. दोनदा. शेजारचा मुलगा वळून बघतो.
हिरवा.

ट्रेमध्ये गोळी तशीच राहिली आहे.
धागे सोलून मी ती तोंडात टाकते.
खारट.
पुढच्याचं नाव पुकारते.