ठिपका

हर्णैच्या सोसायटीत डिझेलचा भाव
मी खडूनं लिहितो, ओल्या फडक्यानं पुसतो.
या आठवड्यात तीनदा पुसला.
खणांतला बर्फ वितळतो, नौका हलत नाहीत.
तांडेल शिव्या घालतात मला,
जसं काही होर्मुझ माझ्याच खिशात आहे.

हुस्नबानू पारकर भाव विचारत नाही.
मोबाइल पुढे धरते:
"काल इथं ठिपका होता. याकूबचं जहाज."

सिग्नल बंद केला असेल, मी म्हणतो,
लपून जात असतील.
"त्या पट्ट्यात पगार दुप्पट. सही घेतलीय त्याची."
विमाही महागलाय म्हणे, दर फेरीला.

"कुणाचा?"

जहाजाचा.
तेलाचा.

ती फळ्याकडे बघत राहते.
आत्ताच पुसलाय.
नवा आकडा यायचाय अजून.