धडा

रात्री दोनला भंगाराचा ट्रेलर काट्यावर चढतो.
एकोणचाळीस हजार सहाशे वीस, ड्रायव्हर धरून.
मी लिहितो. मग रजिस्टरखालचं पुस्तक उघडतो.
एम.ए. इतिहास, पेपर तिसरा, बाहेरून परीक्षा.

वडील मोंढ्यात मापाडी होते.
तूर मोजण्याआधी रिकामी पारडी उचलायचे,
हलक्या बाजूला चिंचोके टाकायचे, कधी खडा.
म्हणायचे, आधी धडा बघावा, मग माल.

इलियास गॅसकटर हाक मारतो. "काय वाचू लागला? हे बघ."
वीतभर रुळाचा तुकडा. गंजाखाली उठावाची अक्षरं,
नाव अर्धं कापलेलं, पुढे १८८७.
बंदरावरून आलाय, अमेरिकेचा म्हणे.
माझं बोट पुस्तकात त्याच दशकात अडकलेलं :
डोंगर, कोळसा, बोटी, रूळ आणि रुळांखालची जमीन
पाच-सात आडनावांत जमा.
त्या काळाला तिकडे मुलाम्याचा काळ म्हणतात.

"मुलामा म्हंजे आपल्या सराफ्यातला?"
तोच.
"मग आत काय होतं?"
बारा तासांची पाळी. एका ओळीत गोळीबार.
आणि प्रकरणाच्या शेवटी
शेठ लोकांनी गावोगाव बांधून दिलेली वाचनालयं.

आमच्याही शेठनी बांधलंय, भोकरदन नाक्याला.
संगमरवर, एसी, दहा ते सहा.
आमची पाळी आठ ते आठ, उरलेली झोप.
महतो गेला होता एकदा सुट्टीच्या दिवशी.
पाणी थंड आहे म्हणाला.

खोटं कशाला बोलू,
या भट्टीवर माझ्या बहिणीचं नर्सिंग झालं.
परतूर-मंठ्याची पोरं पुण्याऐवजी इथं उतरली.
शेठ स्वतः भंगाराच्या हातगाडीवरून वर आला,
ती हातगाडी ऑफिसात आहे, काचेच्या पेटीत,
सोनेरी रंग देऊन.
जालना सोने का पालना, गाव म्हणतंच आधीपासून.
दोरी कुणाच्या हातात, ते म्हणीत येत नाही.

इलियास तुकडा ढिगावर फेकतो.
उजाडेपर्यंत सळई होईल, बारा एमएमची.

ट्रेलर रिकामा होऊन परत काट्यावर.
चौदा हजार शंभर. ड्रायव्हर चहाला उतरलेला.
जाताना होता, येताना नाही :
साठेक किलो माणूस
भंगारात जमा.

वडिलांनी खडा टाकला असता.
मी पावती फाडली.