बारा आणि दोनशे चाळीस

पेनरिनच्या आमच्या घरात छताचे दोन पक्ष होते.
स्वयंपाकघर बाबांचं: बारा व्होल्ट.
बैठक आईची: थेट मेनवरून, दोनशे चाळीस.
मधल्या दारात सरहद्द,
तिथे मांजर झोपायचं.

आई म्हणायची, बारा व्होल्ट मोटारीला असतात, जोरी,
घराला नव्हे.
बाबा शिडीवरून उतरत नसत. वरूनच सांगत:
व्होल्ट कमी म्हणून आतली तार जाड,
जाड म्हणून दमाची.
तुझ्या दिव्यांची तार केसासारखी,
दार आपटलं की गेली.
दार कोण आपटतं, हा विषय निघाला
की दोघंही गप्प.

तसं तिचं सोपं होतं.
दिवा खोबणीत घाला, जरा पिळा, झालं.
एक गेला तर एकच जातो,
शेजारचे आपले जळत राहतात.
बाबांचा ट्रान्सफॉर्मर रुसला
की तीन दिवे एकदम आंधळे,
आणि ओट्यावर बांगडा अर्धाच साफ केलेला.
वर ती गुणगुण,
रात्री पाणी प्यायला उठलं की ऐकू येणारी,
डब्यात माशी कोंडल्यासारखी.

पण काय उजेड होता तो!
पांढरा, नेमका.
बांगड्याच्या पाठीवरचे पट्टे मोजून घ्यावेत.
बैठकीतला पिवळसर, सैल,
आल्या-गेल्याच्या खांद्यावर शाल टाकावी तसा.

आज मी माळ्यावर. टॉर्च दातात.
खाली जेगो शिडी धरून,
त्याच्या पिशवीत एलईडी,
कारण हॅलोजन आता दुकानात मागितला
तर पोरगा मालकाला हाक मारतो.

काचलोकरीच्या गादीत, स्वयंपाकघराच्या बाजूला,
प्रत्येक दिव्यामागे भोक:
पावाच्या सुरीने कापलेलं, वेडंवाकडं.
हे दिवे उष्णता पाठीमागे टाकतात, त्यांना श्वास लागतो.
म्हणून हिवाळाभर आमचे पाय गार.
इतक्या वर्षांनी कळतंय.

रांगत पलीकडे गेले, आईच्या हद्दीत.
तिथेही भोकं. पण गोल.
कंपास लावून आखलेली,
वीतभर मोठी, कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली,
आणि तुळईवर सुतारी पेन्सिलीने:
टॅमसिनचे. जास्त तापतात. गादी लांब ठेवा.

हे त्यांनी खाली कधी सांगितलं नाही.
मीही नाही सांगितलं.
म्हणजे, लगेच नाही.

जेगो ओरडला, काकू, बैठकीत पिवळे लावू ना?
खाली कपबशीचा आवाज थांबला.
पांढरे लाव, आई म्हणाली.
आणि स्वयंपाकघरात?
तिथले जळतायत ना अजून?
मग तिकडे कशाला बघतोस.
शिडी इकडे आण.