अंदाज

ब्रायोनीला कांजिण्या आलेल्या, म्हणून ती घरी.
अंगभर गुलाबी औषधाचे ठिपके,
सोफ्यावर, कुत्र्याच्या पोटावर पाय टाकून
खपल्या मोजत होती.
मी ओट्याशी. आलुबुखारांच्या बरण्या भरत होते,
शेजारच्या नोएलीनच्या झाडाचे,
यंदा फांदी मोडेल इतके लागलेले.

आधी कुत्रा उठला.
मग आवाज.
कसा, म्हणून लिंडन अजून विचारतो;
तो शहराच्या त्या टोकाला होता, त्याचा आवाज वेगळा.
माझा असा:
रिकामा टँकर घराच्या आतून गेल्यासारखा.

आणि माझे दोन्ही हात बरण्यांकडे गेले.
लेकीकडे नाही.
बरण्यांकडे.
किती वेळ, ते मला ठाऊक आहे
आणि मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

नंतर आम्ही टेबलाखाली, तिघं,
काचा, पाक, कुत्र्याचा थरथरता श्वास,
वर धुराडं विटाविटांनी उतरत होतं
जिन्यावरून कुणी सावकाश उतरावं तसं.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात.
आमच्या एव्हनसाइडला ती वर आली.
हिरवळीतून, गॅरेजच्या फरशीतून,
नोएलीनच्या गुलाबांतून
राखाडी, ओली, वारुळांसारखी फुगत,
मोटारीची चाकं गिळून थांबली.
तीन दिवस उपसली. अनोळखी पोरं फावडी घेऊन आली,
नावं न सांगता उपसून गेली.
चौथ्या दिवशी पुन्हा हादरा, पुन्हा तेवढीच वाळू.
नोएलीन दारात उभी राहून म्हणाली,
"एवढी होती तर आधी सांगायचं, कुंडीत घातली असती."

लिंबाखाली लिंडनने खड्डा खणला,
मोडक्या खुर्चीचं बूड कापून वर ठेवली.
कुंपणं पडलेली, त्यामुळे
सकाळी बसल्याबसल्या
तीन घरांना हात करावा लागे.

मग तो खेळ सुरू झाला.
सगळ्या गल्लीचाच तो खेळ होता.
जमीन हलली की आधी दिवा बघायचा,
मग एकमेकांकडे, मग आकडा.
"चार पूर्णांक चार."
"छे, तीन नऊ. जवळचा होता, म्हणून मोठा वाटला."
रेडिओ निकाल सांगे.
ब्रायोनी सहा वर्षांची,
तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती,
पण तिचा आकडा चुकत नसे.
पाव चावता चावता म्हणायची,
"तीन दोन,"
आणि चावत राहायची.

स्वयंपाकघरात गोटी ठेवली
की ती फ्रिजकडे जायची.
आम्ही तिला थांबवणं सोडून दिलं.

हिवाळ्यात पत्र आलं. घर नव्हे,
जमीनच नापास झाली होती.
बारा वर्षांचं घर
एका ट्रेलरमध्ये बसतं, हे त्या दिवशी कळलं,
आणि आलुबुखारांची एक बरणी,
जी का फुटली नाही, देव जाणे.
नोएलीनने ती घेतली नाही.
"तुमच्याकडेच राहू दे," म्हणाली, "मला गोड चालत नाही."
तिचं झाड यंत्राने उपटलं तेव्हा
आम्ही आधीच बोटीवर होतो.

आता उत्तरेला, फांगारेईत,
लिंडनच्या बहिणीच्या मागच्या खोलीत.
इथली जमीन शहाण्यासारखी पडून असते.
फडताळात कप एकावर एक, न बांधलेले.
सगळे म्हणतात, आता कशी शांत झोप लागेल.

लेक झोपत नाही.
छताकडे बघते, हातात चादरीचं टोक,
बुटांची टोकं दाराकडे करून ठेवलेली.
रात्री दीडला विचारते,
"आई, ते कधी येणार?"
आता नाही येणार, म्हटलं की रडते.

काल मी तिच्या पलंगाशी जमिनीवर बसले,
गुडघा लाकडी पायाला टेकवला
आणि हलवलं,
हळूच, आधी एकदा, मग थोडं लांबवून,
जसं ते खालून यायचं.

ती अंधारात गप्प राहिली.
मग म्हणाली, "दोन आठ,"
आणि कुशीवर वळली.

मी गुडघा काढला नाही.
सकाळी कप मोजले, सगळे होते.