सापडत नाही

गरवारे पॉइंटच्या आत, तिसऱ्या गल्लीत,
रात्री साडेदहाला दुसरी पाळी हात धूत होती
आणि मी गिअर मोजायच्या यंत्राशेजारी फरशीवर,
मांडीवर कीबोर्ड.

जुना संगणक गुरुवारी गेला. डेबियन होता.
त्याच्या जागी हा, पानाच्या डब्याएवढा,
पंखा नाही, आवाज नाही, आत अल्पाइन.
निखतचा प्रोग्राम जसाच्या तसा उचलून आणला,
चालव म्हटलं.
तो म्हणाला, सापडत नाही.

यादी काढली. फाइल आहे.
नाव बरोबर, परवानगी बरोबर,
आकार शेवटच्या बाइटपर्यंत तोच.
पुन्हा चालव म्हटलं.
सापडत नाही.

"दोन्ही लिनक्सच ना गं?" आहिरे मामा,
हातात थंड झालेला चहा.

लिनक्सच, मामा. कर्नल तोच.
पण कर्नल म्हणजे मोटर;
पुढे कोण पट्टा लावतो, कोण साखळी.
तिकडे सामान मागवायला एपीटी, इथे एपीके.
तिकडे सकाळी सगळ्यांना उठवतो सिस्टिमडी,
किल्ल्या, हजेरी, घड्याळ, सगळं त्याच्याच कमरेला.
इथे ओपनआरसी नावं पुकारतो
आणि बाजूला होतो.
तिकडे नक्कल करायला एक, शोधायला दुसरा, मोजायला तिसरा;
इथे बिझीबॉक्स, एकटा बहुरूपी,
ज्या नावाने हाक माराल तो होऊन दारात उभा.
फक्त जास्तीचं काही विचारलंत
की गोंधळतो.

मामा काही बोलले नाहीत.
हत्यारांचा खण ओढला,
दोन पाने काढून माझ्यासमोर धरले.
"हा अर्धा इंच. हा तेरा."
डोळ्यांना एकच.
"नवीन पोरं अर्ध्या इंचाच्या बोल्टला तेरा लावतात.
बसतो की! पण जोर दिला
की कडा खातो."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.
प्रोग्रामच्या पोटात, अगदी सुरुवातीला,
एक पत्ता लिहिलेला असतो:
या दारात जा, अमक्याला भेट,
तो तुला आत नेईल, शब्द जुळवून देईल.
निखतच्या घरी तो अमका जीलिबसीचा माणूस.
इथे मसल राहतो.
म्हणजे फाइल सापडत नव्हती असं नाही.
फाइल ज्याला शोधत होती
तो सापडत नव्हता.
खरं तेच सांगत होता बिचारा,
कोणाबद्दल, ते तेवढं सांगत नव्हता.

निखत चाकणला गेली त्याला दीड वर्ष झालं.
तिने मूळ कोड मात्र ठेवला होता, नीट घडी घालून,
चाळिसाव्या ओळीवर शेरा:
"इथे थांबणं मुद्दाम आहे. सेन्सर लाजतो. काढू नका."
काढलं नाही.
इथल्याच हत्यारांनी, इथल्याच मापाने
सगळं पुन्हा बांधलं. दोन इशारे आले, चूक एकही नाही.
सकाळी उठवायची चिठ्ठीही नव्याने लिहिली,
ओपनआरसीला कळेल अशी.

सव्वाबाराला पहिला आकडा आला.
चोवीस पूर्णांक शून्य शून्य तीन.
मामांनी गिअर उलटा करून ठेवला. तोच आकडा.

मी पाथर्डी फाट्याकडे निघायला हेल्मेट शोधत होते;
मामांनी कागदी टेप फाडली,
डब्यावर चिकटवली, मार्करने लिहिलं:
*तेरा. अर्धा इंच नाही.*